जुगाराचे अड्डे बंद झाले. मोबाइलमधला पार कोण बांधणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक मंजूर केले. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या घाईने आपल्याकडे फार थोडे कायदे होतात. रमी, पोकर, पैशांचे फँटसी क्रिकेट, सगळ्यांवर एकदमच गदा आली. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वर्षानुवर्षे कोर्टात चाललेला वादही या कायद्याने बाजूला सारला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. कंपन्या न्यायालयात गेल्या. पण उमरी, धर्माबाद, भोकरकडच्या ज्या घरात कापसाच्या पट्टीचे पैसे मोबाइलवरच्या रमीत गेले असतील, त्या घरात या बंदीविरुद्ध बोलणारा कोणी सापडणार नाही.

बातम्या इथे संपल्या. कायद्याचे नाव मात्र पुरते वाचायचे राहून गेले. ते नाव आहे ऑनलाइन गेमिंगचे ‘प्रोत्साहन आणि नियमन’. नियमनाचे कळले; प्रोत्साहन कशाला? कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन प्रकार मानले आहेत. एक, पैशांचा खेळ, तो बंद. दुसरा, ई-स्पोर्ट्स, म्हणजे नियमांनी चालणाऱ्या स्पर्धा. तिसरा, ‘ऑनलाइन सोशल गेम’. यात पैसा पणाला लागत नाही, जिंकून पैसा मिळत नाही. खेळायचे ते करमणुकीसाठी, काही शिकण्यासाठी, चार माणसांत मिसळण्यासाठी. अशा खेळांना सरकार बळ देऊ शकते, असे कायदाच म्हणतो. या तिसऱ्या प्रकारावर अजून कोणी धड बोललेले नाही, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी खरी गोष्ट तीच आहे. अड्डा बंद करणे हे पोलिसांचे काम. पण माणूस अड्ड्यावर गेला तो फक्त पैशासाठी नाही. संध्याकाळी बसायला जागा हवी, कोणी बरोबर हवे, हात गुंतलेला हवा. तो पार मोबाइलमध्ये बांधायचा तर गवंडी वेगळा लागतो. त्याला डिजिटल कलाकार म्हणतात.

डिजिटल कलाकार म्हणजे फ्लेक्सवाला का?

उमरीत ‘कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाची व्हॉट्सॲप पत्रिका आणि नेत्याच्या फोटोमागे उगवता सूर्य टाकणारा पोरगा. त्याला कमी लेखायचे कारण नाही. रंग, अक्षर, जागा यांची समज त्याला असते, आणि रात्री अकराला ‘दादा, सकाळपर्यंत पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंड देण्याची ताकदही. पण त्याचे काम चित्राजवळ थांबते. दुसऱ्या जातीचा डिजिटल कलाकार चित्र काढत नाही, तो जागा आखतो. लोक इथे कुठून आत येतील, एकमेकांना कसे दिसतील, काय करू शकतील, काय करू शकणार नाहीत, हे तो ठरवतो. मग बाजूला होतो. पुढचे चित्र लोक काढतात.

याचे सगळ्यांत सोपे उदाहरण जॉश वॉर्डल यांचे. मूळचे वेल्सचे, अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात डिजिटल कला शिकले आणि पुढे रेडिट या कंपनीत कामाला लागले. १ एप्रिल २०१५ला त्यांनी तिथे एक बटण ठेवले. शेजारी ६० सेकंदांचे उलटे घड्याळ. कोणीही बटण दाबले की घड्याळ पुन्हा ६०वर. अट एकच: एका खात्याला ते एकदाच दाबता येणार. घड्याळ शून्यावर गेले की खेळ संपला. वाचायला पोरकट वाटते. पण लोकांनी ते घड्याळ ५ जूनपर्यंत जिवंत ठेवले आणि दहा लाखांहून अधिक वेळा ते बटण दाबले गेले. किती सेकंद उरले असताना दाबले त्यावरून प्रत्येकाच्या नावाला रंग मिळे. त्या रंगांवरून गट पडले, पंथ निघाले, न दाबण्याचे व्रत घेणारे निघाले. या सगळ्यामागे होते ते एक बटण आणि एक अट.

दोन वर्षांनी, १ एप्रिल २०१७ला, त्यांनी एक कोरी पाटी मांडली: हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख चौकटी. प्रत्येकाने एका वेळी एकच ठिपका रंगवायचा आणि पुढच्या ठिपक्यासाठी पाचेक मिनिटांपासून वीसेक मिनिटांपर्यंत थांबायचे. या थांबण्यात सगळी गंमत आहे. एकट्या माणसाला त्या पाटीवर काहीच काढता येत नाही. फूल काढायचे तरी पन्नास माणसे जमवावी लागतात, आणि काढलेले फूल शेजारच्या टोळीने पुसू नये म्हणून तिच्याशी बोलावे लागते. जर्मनी आणि फ्रान्सच्या झेंड्यांची हद्दीवरून मारामारी झाली. शेवटी त्या जागी युरोपीय संघाचा झेंडा आला. ७२ तासांत दहा लाखांहून अधिक लोकांनी सुमारे १ कोटी ६० लाख ठिपके ठेवले. मग पाटी बंद. आपल्याकडे माळेगावची यात्रा भरते तसे: माळावर गाव उभे राहते, घोडे, गाढवे, तमाशाचे फड, वाघ्यामुरळी, आणि काही दिवसांनी पुन्हा नुसता माळ. यात्रा कायम भरत नाही म्हणून ती खोटी, असे कोणी म्हणत नाही.

वॉर्डल यांचा तिसरा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल: वर्डल. करोनाच्या काळात त्यांच्या जोडीदार पलक शहा यांना शब्दकोड्यांचा नाद लागला, म्हणून हा खेळ त्यांनी घरापुरता केला. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द सुमारे १२ हजार. त्यातले बरेचसे कोणी कधी न ऐकलेले. पलक यांनी एकेक शब्द पाहून ओळखीचे तेवढे, साधारण अडीच हजार, निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांना खुला झाला. १ नोव्हेंबरला ९० जण खेळले होते. दोन महिन्यांनी तीन लाख.

हे कसे झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे. ॲप नव्हते, साधे वेब पान होते. खाते काढायचे नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही, जाहिरात नाही, ‘तुमचा मित्र वाट पाहतोय’ असा टुणटुणणारा निरोप नाही. दिवसाला एकच शब्द, आणि तो जगातल्या सगळ्यांना तोच. संपला की संपला; उद्या या. आजच्या बाजारात हे उलटेच आहे. बाकी प्रत्येक ॲप तुम्हाला उठू देत नाही, हा खेळ मात्र पाच मिनिटांत उठवून पाठवतो. न्यूझीलंडमधल्या काही खेळाडूंनी आपला निकाल रंगीत चौकोनांत टाइप करून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. चौकोनांवरून तुमची धडपड दिसते, पण शब्द फुटत नाही. वॉर्डल यांनी ते पाहिले आणि डिसेंबरमध्ये तशी सोय खेळातच दिली. मग आई आणि लेक, दोन गावांत, रोज सकाळी एकमेकींना सहा ओळींचे चौकोन पाठवू लागल्या. बोलायला विषय नसला तरी एकत्र असायला निमित्त मिळाले.

३१ जानेवारी २०२२ला न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ विकत घेतल्याचे जाहीर केले, सात आकडी डॉलर मोजून. तेव्हापासून त्याच्याभोवती वर्गणी आणि खात्यांचे कुंपण वाढत गेले. कलाकाराने बांधलेली जागा कलाकाराच्या हातात राहतेच असे नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आपल्याकडे असे कोणी केले आहे?

केले आहे, आणि स्मार्टफोन येण्याच्या आधी. मुंबईच्या कलाकार शायना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशन या दाट वस्तीत एक उद्योग केला. नाव ‘खिडकीयान’. ‘खोज’ या कलासंस्थेच्या उपक्रमात हे काम झाले. दुकानात चोरावर नजर ठेवायला लावतात तो स्वस्त कॅमेरा, एक माइक, एक साधा टीव्ही, असे संच त्यांनी एका वेळी चार ठिकाणी मांडले: कुठे घर, कुठे दुकान, कुठे गल्ली. चारही केबलने जोडले. प्रत्येक टीव्हीवर चार खण, चार खणांत चार ठिकाणची माणसे. जो टीव्ही पाहतोय तोच टीव्हीवर दिसतोय आणि बोलतोय. निवेदक नाही, संपादन नाही. असे सात भाग झाले. एकाच वस्तीत वर्षानुवर्षे राहून एकमेकांच्या घरात न गेलेली माणसे त्या पडद्यावर गप्पा मारू लागली.

व्हिडिओ कॉल तेव्हा आपल्या हातात नव्हता. आज आहे, तर यात काय विशेष, असे कोणी विचारेल. विशेष हे की व्हिडिओ कॉल ओळखीच्याला लावतात. खिडकीयानने शेजाऱ्याला समोर आणले, आणि तेही जे यंत्र संशय घ्यायला बनवले होते त्याच यंत्राने. कॅमेरा तोच, केबल तीच, मांडणी बदलली. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी २००७ मध्ये मुंबईत ‘कॅम्प’ हा स्टुडिओ काढला आणि त्यांच्या सहभागातून २००८ मध्ये ‘पॅड डॉट एमए’ हा खुला व्हिडिओसंग्रह उभा राहिला. तिथे चित्रफीत नुसती पाहायची नसते. तिच्या कोणत्याही क्षणावर टीप लिहिता येते, पोथीच्या समासात लिहितात तशी.

आणखी दोन नावे घेऊन पुढे जाऊ. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयासाठी एक संकेतस्थळ केले. पाहुण्याने आपला धर्म निवडायचा आणि इंटरनेटच्या तारेतून आशीर्वाद घ्यायचा, अशी त्यातली मिस्कील कल्पना. गोव्यात राहणाऱ्या अफरा शफिक यांनी २०१७ मध्ये ‘सुलतानाज रिॲलिटी’ केले. वसाहतकाळात बायका शिकू लागल्या त्याची गोष्ट, जुनी चित्रे हलवत, त्यांवर बोट ठेवत, आपल्या आवडीच्या क्रमाने पाहायची. म्हणजे हे शास्त्र परदेशीच आहे असे नाही. ते महानगरातल्या कलादालनांत अडकून पडले आहे, एवढेच.

जागेच्या आखणीने एवढा फरक पडतो?

पडतो, आणि त्याचे सगळ्यांत वाईट उदाहरण महाराष्ट्रातले आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०पासून फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो. म्हणजे काय झाले? माणसे बदलली नाहीत, कायदा बदलला नाही. खोलीचे दार अरुंद केले. ते दार आधी इतके रुंद कोणी आणि का ठेवले होते, हा प्रश्न पाच जीव गेल्यानंतरच आपल्याला पडला.

गावातला पार आठवा. तो गोल असतो, म्हणून कोणाची पाठ कोणाकडे हे पक्के नसते. तो उंच असतो, म्हणून ढोरे चढत नाहीत आणि येणारा-जाणारा दिसतो. वर सावली. बसायला कोणी विचारत नाही, उठायला कोणी अडवत नाही. (पार सगळ्यांना सारखा खुला होता असे मात्र कोणी समजू नये. बायका आणि गावकुसाबाहेरची माणसे त्यावर कधी आणि कशी बसली, हा वेगळा आणि कडू इतिहास आहे. नवा पार बांधताना जुन्याची नक्कल करायची नाही ती याचसाठी.)

बेल्जियमच्या ऑरिया हार्वे आणि मिकाएल सामीन या कलाकार जोडीने २००५ मध्ये ‘द एंडलेस फॉरेस्ट’ नावाचे ऑनलाइन जंगल केले. तिथे प्रत्येक पाहुणा हरीण. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. मान हलवा, उड्या मारा, दुसऱ्या हरणाशेजारी बसून राहा. ध्येय नाही, गुण नाहीत. शिव्या द्यायची सोयच नाही म्हटल्यावर अनोळखी माणसे एकमेकांशी किती प्रेमाने वागतात, हे तिथे दिसले. आपल्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या आठवड्यात काय चालते, त्याच्याशी ताडून पाहा. माणसे तीच असतात हो.

लुडो किंगचे नाव इथे घ्यायला हवे, कारण मराठवाड्यात खेळाची ऑनलाइन बैठक म्हणून सगळ्यांत जास्त ओळखीची जागा तीच. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. त्याच्या यशाचे मर्म एका छोट्या सोयीत आहे: खोली उघडा, तिचा आकडा आपल्या माणसांना पाठवा, चौघेच आत. खेळ जुना, नियम आजीलाही ठाऊक. चल्लस-आठ खेळलेल्या माणसाला सोंगटी मारणे शिकवावे लागत नाही. हैदराबादला कामाला गेलेला मुलगा, पुण्यात वसतिगृहात असलेली मुलगी आणि उमरीतले आई-बाप एका पटावर बसू शकले. माझी तक्रार एकच. दर डावानंतर येणारी जाहिरात आणि नाणी विकत घेण्याचा आग्रह हा त्या पटाचा भाग नाही, पण त्याच्यावाचून पट मिळत नाही. पार आहे, पण पाराभोवती फेरीवाल्यांचा गराडा.

मग मराठीत असे का होत नाही?

एक अडचण खरी आणि मोठी गमतीची आहे. वर्डलसारखा खेळ मराठीत करायचा म्हटले की पहिल्याच पायरीवर प्रश्न येतो: अक्षर म्हणजे काय? ‘स्वातंत्र्य’ हा शब्द दुसरीतल्या लेकराला मोजायला सांगा. ते तीन बोटे दाखवेल: स्वा, तं, त्र्य. संगणकाला विचारा; तो ११ सांगेल, कारण त्याच्या हिशेबी स, पाय मोडल्याची खूण, व, काना, त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे नग. लेकरू बरोबर की यंत्र? खेळ माणसासाठी असेल तर लेकरू बरोबर. पण मग पुढचा प्रश्न: उत्तर ‘उमरी’ आहे आणि मी ‘उमरा’ लिहिले, तर शेवटचे घर बरोबर की चूक? ‘र’ तर जुळला, मात्रा चुकली. इंग्रजी खेळात तीन रंगांवर भागते. मराठीत ‘व्यंजन बरोबर, मात्रा चुकली’ यासाठी चौथा रंग हवा, किंवा तेच घर उभे चिरून दोन रंगांत दाखवायला हवे. कळफलक कसा मांडायचा, जोडाक्षरे देताना खेळणारा कंटाळणार नाही ना, हे सगळे ठरवणे प्रोग्रामरच्या आधी अक्षर आणि माणूस दोन्ही कळणाऱ्याचे काम आहे. इंग्रजी खेळ उचलून देवनागरीत ओतला की तो लंगडतो, त्याचे कारण हेच.

आणि शब्द कोणते? पलक शहांनी अडीच हजार शब्द निवडले ते त्यांच्या ओळखीचे. उमरीच्या पटावर पऱ्हाटी, सालगडी, धुरा, ढाळे, माळवं, उलंगवाडी यायला हवेत. ‘उलंगवाडी’ पाच अक्षरांचा नेमका शब्द. कापूस वेचून संपला, पऱ्हाटी उपटायची वेळ आली, की तो तोंडी येतो. नांदेडात शिकणाऱ्या नातवाला तो अडेल. तो आजीला फोन लावेल. मोबाइलवर बोट त्याचे चालते, शब्द तिच्याकडे आहे. तेलंगणाची सीमा जवळ असल्याने घरात दोन भाषा बोलणारी माणसे या पट्ट्यात आहेत. त्यांच्याकडे तर शब्दांचे दोन डबे. असा खेळ मुंबईत बसलेल्या कंपनीला सुचणार नाही. सुचला तरी परवडणार नाही, कारण त्यात गिऱ्हाईक थोडे. म्हणूनच तो इथल्याने करायचा.

उमरीत हे शक्य आहे का?

पैशाचे आधी बोलू, कारण आपल्याकडे ‘निधी नाही’ या दोन शब्दांवर चर्चा संपते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. आराखडा तीन हजार कोटींहून अधिक रुपयांचा. त्याच वर्षी मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली. चांगलेच आहे. पण या सगळ्याचा रोख स्टुडिओ, निर्यात आणि रोजगार यांकडे आहे. मुंबई-पुण्यात इमारती उभ्या राहतील, इथली हुशार पोरे तिकडे जाऊन परदेशी सिनेमातल्या राक्षसाचे केस रंगवतील. वाईट नाही; पगार मिळतो. पण त्या आकड्यातला अगदी छोटा हिस्सा तालुक्याच्या गावांत अशा छोट्या, बिनपैशाच्या, मराठी खेळजागा करण्यासाठी वेगळा काढावा, अशी मागणी मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी करायला काय हरकत आहे? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कलेचेही शिक्षण मिळते आणि संगणकाचेही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वर्षाला एक खेळ करायला लावायला कोणत्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

शिवाय हा खर्च धरणासारखा नसतो. वर्डल हे एक वेब पान होते. अशा पानाच्या नावाला वर्षाकाठी साधारण हजार रुपये पडतात. चौकातल्या एका मोठ्या फ्लेक्सच्या हिशेबातले पैसे. खरा खर्च आहे तो विचाराचा आणि वेळेचा. उमरीसाठी आखायचे तर आधी उमरीचा मोबाइल पाहावा लागतो. घरात फोन एक, वापरणारे चार. दिवसा तो बापाच्या खिशात, संध्याकाळी भावाच्या हातात, मुलीच्या वाट्याला येतो तो अभ्यासाच्या नावाखाली अर्धा तास. अशा घरात ‘तुमचा नंबर टाका, ओटीपी टाका’ म्हणणारी जागा मुलीसाठी बंदच. खाते न मागणारी जागा तिच्यासाठी उघडी. फोटो नको, खरे नाव नको, अनोळखी माणसाला खासगी निरोप धाडायची सोय तर मुळीच नको. पान हलके हवे, कारण रोजचा डेटा दुपारपर्यंत रील्सनी खाल्लेला असतो, आणि वीज गेल्यावर टॉवरही डोळे मिटतो. हे निर्णय तंत्रज्ञानाचे दिसतात, पण त्यांवरून ठरते की पारावर कोण बसणार.

दोन आक्षेप येतील. पहिला घरातल्या मोठ्यांचा: लेकरांना मोबाइलमधून बाहेर काढायचे सोडून आणखी खेळ कसले देता? मैदानावर पाठवा. बरोबर आहे, पाठवाच. पण मैदान हैदराबादला गेलेल्या मुलाला आणि उमरीतल्या आईला एकत्र आणत नाही, आणि सत्तरीतल्या आजोबांना क्रिकेट खेळता येत नाही. फोन हातात राहणारच आहे. त्यात काय असावे एवढाच प्रश्न उरतो. पाच मिनिटांत ‘आजचे झाले, उठा’ म्हणणारा खेळ हा तासभर सोडत नाही अशा रीलपेक्षा मला केव्हाही बरा वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. कलाकारांच्या जागा टिकत नाहीत. खिडकीयान सात भागांत आटोपले, ती पाटी ७२ तासांत मिटली, वर्डल विकले गेले. जे टिकते ते कंपनीचे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. आपल्याकडची सार्वजनिक वाचनालये कशी चालली? गावातल्या चार माणसांनी काढली, वर्गणी घेतली, मग शासनाचे अनुदान आले. कधी ते वेळेवर येत नाही, पण वाचनालय कोणी कोणाला विकत नाही. तालुक्याच्या वाचनालयाने पुस्तकांच्या कपाटासारखाच एक खेळ आपल्या नावावर ठेवायचा. शब्द भरायचे काम वाचकांचे, तपासायचे ग्रंथपालाचे, पान दुरुस्त ठेवायचे जवळच्या महाविद्यालयातल्या मुलांचे. एक तुकडी पास होऊन गेली की पुढची.

सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून टाकाव्या लागतील, आणि त्या ठरवताना वाद होतील. ‘माळवं’ अनुस्वार देऊन लिहायचे की ‘माळवे’? चुकीच्या शब्दाची तक्रार कोणाकडे? एखाद्या जातीला लागणारा, टोमणा होणारा शब्द गाळायचा अधिकार कोणाला? आणि नवा शब्द किती वाजता यावा? वर्डलचा शब्द मध्यरात्री बदलतो. न्यूयॉर्कच्या माणसाला ते सोयीचे असेल. उमरीत तो संध्याकाळी साडेसातला यावा असे माझे मत आहे: धार काढून झालेली असते, फोन घरात आलेला असतो, आणि भाकरी तव्यावर असताना चुलीपाशी बसलेलीलाही मोठ्याने विचारता येते, ‘आई, चार अक्षरी, शेवटी डी, काय असंल गं?’